लोहगडची मुंगी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या बायकोलासुद्धा नाही — आणि माझ्या पोटातलं तिला मी न सांगताच कळतं, तरी एवढं एक कळलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. म्हणूनच कदाचित तुमच्याजवळ बसून बोलता येईल. मध्ये मध्ये अडखळेन. या गोष्टीबद्दल बोलायची जिभेला सवय नाही.

गोष्ट एका मुंगीची आहे. हसलात ना? हसा. मीही पहिल्यांदा हसण्यावारीच नेली होती. एवढीशी मुंगी — ती इथली म्हटलं काय, तिथली म्हटलं काय, कुणाचं काय बिघडतं? असंच मला वाटलं होतं. खरंच वाटलं होतं का? की वाटून घेतलं होतं?

पण आधी गुर्जर सरांबद्दल सांगायला हवं. त्यांच्याबद्दल बोलायचं म्हटलं की माझं मन भरून येतं, आणि त्याच वेळी मान खाली जाते. दोन्ही एकदमच होतं. इतकी वर्षं झाली, दोन्ही वेगळं करता आलेलं नाही.

मी लोणावळ्याचा. वडील रेल्वेत तारमास्तर होते. पुण्याला कॉलेजात शिकायला गेलो तेव्हा माझ्या मनात नोकरीखेरीज काही नव्हतं. जीवशास्त्र घेतलं ते गणित टाळायला. तिथे गुर्जर सर भेटले — बुटके, जाड भिंगाचा चष्मा, कोटाच्या खिशात कायम काचेच्या नळ्या खुळखुळणाऱ्या. त्यांना मुंग्यांचं वेड होतं. लोक वाघ बघायला रानात जातात. सर रानात गेले की पालथे पडायचे. तसंच पालथं पडून त्यांनी मला बघायला शिकवलं. मुंगी म्हणजे लाल आणि काळी, एक चावणारी आणि एक न चावणारी, एवढंच मला ठाऊक होतं. त्यांनी मला उड्या मारणारी मुंगी दाखवली — मोठ्या डोळ्यांची, लांब चिमट्यासारख्या जबड्यांची. गवताचं बी घरात नेऊन दाराशी टरफलांचा उकिरडा घालणारी मुंगी दाखवली. झाडावर शेणाच्या गोळ्यासारखं घर बांधणारी दाखवली. मला तर एकाएकी नवीन डोळे फुटल्यासारखं झालं. आजही अंगणात उकिडवा बसलो की तासभर कसा जातो कळत नाही. हे देणं त्यांचं आहे.

सरांच्या डोक्यात एक मोठा विचार होता. मावळ तसा चिंचोळा. इकडे लोणावळ्याला पाऊस नुसता कोसळतो, आणि गाडीनं थोडं पुण्याकडे सरकलं, शिरगावच्या माळावर उतरलं, की तिथे कुसळं आणि बाभळी. मग या एवढ्याशा पट्ट्यात मुंग्या कुठे बदलतात? घाटातली मुंगी कुठे थांबते आणि माळावरची कुठून सुरू होते? सर म्हणायचे, मोठी जनावरं सगळ्यांनी मोजली, फुलपाखरांनाही चाहते मिळाले; या बिचाऱ्यांचं घर कुठे आहे हेसुद्धा कुणी विचारलेलं नाही. आणि त्यांची अटकळ अशी होती की लोहगडाच्या पोटातल्या रानात, मुख्य घाटापासून तुटलेल्या त्या ओल्या तुकड्यात, घाटातल्या मुंग्या अडकून राहिल्या असतील. समुद्रातल्या बेटावर अडकावं तशा.

एका श्रावणात त्यांनी मला एकट्याला लोहगडाला पाठवलं. त्यांचा स्वतःचा गुडघा तेव्हा सुजला होता. माझ्या हातात नळ्या दिल्या, खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "तू बघशील ते मीच बघितल्यासारखं आहे."

मळवलीला उतरलो, भाजे गावावरून चालत लोहगडवाडीला पोचलो. तिथे सखूमावशीचं घर होतं — नवरा गेलेला, दोन म्हशी, भाताची खाचरं. सरांना ती ओळखत होती. तिनं मला ताक पाजलं, रानाची वाट दाखवली. मी निघालो. रानाच्या तोंडाशी पोचलो आणि वरून ढग उतरला.

आता खरं सांगतो. तिथे वाघ नव्हता. साप नव्हता. पाय घसरला नाही. काहीही झालं नाही. नुसतं पांढरं झालं सगळं. हात लांब केला तर बोटं दिसेनात. आतून कुठूनतरी पाणी पडल्याचा आवाज येत होता आणि तो कुठल्या बाजूनं येतो ते कळेना. मी भ्यालो. लहान पोर अंधारात भितं तसा भ्यालो, आणि उलट फिरून पळालो. एका झाडाचीही फांदी मी हलवून पाहिली नाही.

सखूमावशी दारातच होती.

"आरं, येवढ्यात आलास व्हय माघारी?"

मी काहीतरी पुटपुटलो.

"धुकं लय हाय. बस चुलीपाशी, भिजलायस किती." तिनं भाकरी टाकली. मी जेवलो, ऊब घेतली आणि संध्याकाळच्या गाडीनं लोणावळ्याला घरी आलो. रिकाम्या नळ्या घेऊन.

रिकाम्या नळ्या सरांना कशा दाखवायच्या? तेव्हा मी आमच्या घरामागं गेलो. तिथे कासमचाचांची लाकडाची वखार होती. वखारीच्या मागं थोडी झाडी राहिली होती आणि तिच्यात एक जुना हिरडा. कॉलेजच्या सुट्टीत मी त्याच हिरड्याखाली बसून मुंग्या बघायचो. चाचा अडवायचे नाहीत, उलट बसायला फळी द्यायचे. त्या दिवशी मी दिसेल ते भरत सुटलो. हिरड्याची एक वाळकी फांदी मोडली, तर तिच्या पोकळीतून काही मुंग्या बाहेर आल्या — काळ्या, पाठीवर तांब्याच्या रंगाची लव, आणि कमरेवर गळासारखे दोन वाकडे काटे. मी नीट पाहिलंसुद्धा नाही. एक पकडली, नळीत टाकली.

पुण्यात सरांनी भिंग लावलं. एकेक नळी बाजूला ठेवत गेले. मग त्या काळ्या मुंगीपाशी थांबले. खूप वेळ थांबले. मान वर न करता त्यांनी विचारलं, "ही कुठं सापडली?"

"लोहगडावर, सर. रानात. हिरड्यावर."

बस. एवढंच. एका श्वासात निघून गेलं. हिरडा मात्र खरा सांगितला — खोट्यातही माणूस एखादं खरं का ठेवतो, कुणास ठाऊक.

ती मुंगी सरांनी कधी पाहिली नव्हती. त्यांनी ती परदेशातल्या एका जाणकाराकडे पाठवली. त्यालाही ती अनोळखी निघाली; तिच्या जवळच्या जाती मात्र ओल्या घाटातल्याच, असं त्यानं कळवलं. सरांचा आनंद काय सांगू! त्यांनी घरी मला जेवायला बोलावलं. वहिनींनी पुरणपोळी केली. सर पानावरून उठून मला तूप वाढत होते आणि म्हणत होते, "लोहगडची मुंगी! बघ, माझी अटकळ खरी ठरली. घाटातली मुंगी बेटावर सापडली." मी पोळी खाल्ली. त्या वेळी सांगता आलं असतं ना? सर रागावले असते, फार तर चार दिवस बोलले नसते. आणि हसून पुढच्या गाडीनं लोणावळ्याला आले असते, हिरड्याखाली पालथे पडले असते. मुंगी तिथंच होती. सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं. मी तुपाचा हात मागं सारला, एवढंच.

आणि आता जे सांगणार आहे ते सांगायला मला सगळ्यात जड जातं, कारण ते सुखाचं आहे. त्या खोट्यापायी माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं मला मिळाली. मुंगी एकच होती. सरांना तिचं घर पाहायचं होतं, तिची राणी, तिची पिल्लं. मग दरवर्षी पाऊस ओसरला की आम्ही दोघं लोहगडाला जायचो. सरांचा गुडघा बरा झाला नव्हता. काठी टेकत, थांबत, "जरा देखावा बघू या" असं म्हणत दम खात ते चढायचे. मी त्यांच्या पिशव्या उचलायचो. मी त्यांच्या शेजारी गुडघ्यावर बसून, जी तिथे नाही हे मला ठाऊक होतं ती मुंगी शोधायचो. वाळक्या फांद्या मोडून त्यांच्या हातात द्यायचो. कल्पना करा — हे मी एकदा नाही, वर्षामागून वर्ष केलं.

पण त्या रानात आम्हाला काय काय दिसलं! पानं शिवून घरं करणाऱ्या, कोकणातले लोक ज्यांना ओंबील म्हणतात त्या तांबड्या मुंग्या दिसल्या. दगडाखाली राहणाऱ्या, डोळेच नसलेल्या फिक्या मुंग्या दिसल्या. नाव नाही, गाव नाही, कुणी विचारलेलं नाही अशा. लोहगडावरून उतरून आम्ही पुढे पवनेच्या काठानं शिरगावपर्यंत चालायचो, आणि माती जशी बदलेल तशा मुंग्या बदलताना मी डोळ्यांनी पाहिल्या. सर चालता चालता शिकवायचे. नुसतं मुंग्यांचं नाही. वाचायचं कसं, प्रश्न विचारायचा कसा, न कळलेलं न कळलं म्हणून कसं सांगायचं. हो, तेसुद्धा त्यांनीच शिकवलं. पुढे लोणावळ्याच्या शाळेत मला शिक्षकाची जागा मिळाली ती त्यांच्या शब्दावर. मी जो काही आहे तो त्या चढणीवर झालो. त्याचं ऋण मानू नको तर काय करू? आणि मानू तरी कसं?

सखूमावशीला माहीत होतं. पहिल्याच खेपेला सरांनी तिला विचारलं होतं, "मावशी, हा त्या दिवशी कुठपर्यंत गेला होता हो? नेमकी जागा कुठली?" तिनं माझ्याकडं पाहिलं, मग चुलीकडं.

"तवा धुकं लय व्हतं, मास्तर. मला काय दिसलं न्हाई."

सर म्हशींकडं वळल्यावर ती हळूच म्हणाली, "तू रानात गेलाच न्हाईस न्हवं? म्या न्हाई सांगनार. पर तू सांग, बाबा. म्हातारं मानूस उगाच डोंगर चढतंय."

"सांगतो, मावशी," मी म्हणालो. त्यानंतर दरवर्षी ती आम्हाला भाकरी वाढायची आणि माझ्याकडं एकदा बघायची. पुन्हा शब्दानं बोलली नाही. तिचे माझ्यावर उपकार आहेत. ती जिवंत होती तोवर एकदाही मी एकटा तिच्या दारी गेलो नाही.

मग वखारीचं ते झालं. जर्मनीशी लढाई सुरू होऊन लाकडाला मागणी वाढली होती आणि कासमचाचांना जागा पुरेना. एका सकाळी ते आमच्या कुंपणापाशी आले.

"विनायक, मागची झाडी काढतोय. माल ठेवायला जागाच नाही. पण म्हटलं, तुला विचारावं. तू त्या हिरड्याखाली लहानपणापासून बसतोस. तुझं काही असेल तिथं — मुंग्या वगैरे — तर सांग. हिरड्याला हात लावत नाही. बाकीची झाडं काढतो."

असं कोण विचारतं, सांगा? आपल्या जागेतलं आपलं झाड तोडताना, शेजारच्या मास्तरच्या मुंग्यांसाठी? अडत्यांशी भांडणारा, गाडीवानांवर ओरडणारा तो माणूस माझ्यासाठी कुंपणाशी उभा राहून उत्तराची वाट पाहत होता. 'आहे' म्हटलं असतं तर 'काय आहे' असं त्यांनी विचारलं असतं. आणि चाचांच्या तोंडात तीळ भिजत नसे. आज गावात, उद्या पुण्यात. मी हे सगळं त्या क्षणी तोलून पाहिलं — हो, तोललं, घाबरून गोंधळलो वगैरे काही नाही — आणि म्हणालो, "छे हो चाचा, काही नाही. काढा खुशाल."

हिरडा पडला. संध्याकाळी चाचांचा माणूस आमच्या अंगणात त्याच्या वाळक्या फांद्या टाकून गेला. चाचांनी निरोप दिला होता: मास्तर तिथं बसायचे, हे त्यांच्या घरी जाऊ दे, जळणाला होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई बंब पेटवत होती. मी दात घासत उभा होतो. तिनं एक फांदी बंबाच्या तोंडात सारली आणि बाहेर राहिलेल्या टोकातून त्या निघाल्या. काळ्या, तांब्याची लव असलेल्या. तोंडात पांढरी पिल्लं धरून फांदीच्या टोकापर्यंत यायच्या आणि परत फिरायच्या. इतक्या वर्षांत सरांना जे पाहायचं होतं ते माझ्यापुढं होतं — घर, पिल्लं, सगळं. मला फांदी ओढायची होती फक्त. राखेत हात घालावा लागला असता असंही नाही.

"अगं बाई, मुंग्या," आई म्हणाली आणि फांदी आत ढकलली.

मी चूळ भरली. त्या पाण्यानं आंघोळ केली आणि शाळेत गेलो.

नंतर मी हिरडे शोधत हिंडलो. लोणावळ्याच्या आसपासचा, ड्यूक्स नोजच्या कड्याच्या वाटेवरचा एकही हिरडा मी सोडला नसेल. ती मला पुन्हा दिसली नाही. असेलही कुठंतरी. मला माहीत नाही.

शेवटचं सांगतो. पुण्यात अभ्यासकांची एक सभा होती. सरांनी आपलं आयुष्यभराचं काम मांडलं — मावळातल्या मुंग्या, कुठली कुठे, आणि मध्यभागी लोहगडचं बेट. एक तरुण अभ्यासक उठला. अतिशय अदबीनं बोलला. म्हणाला, इतकी वर्षं शोधूनही तिथे दुसरी सापडली नाही. नमुना कदाचित घाटातल्या दुसऱ्या एखाद्या ठिकाणचा असावा, स्थळ सांगण्यात चूक झाली असावी. शब्दन् शब्द बरोबर होता त्याचा.

सर काठी टेकत उभे राहिले. "स्थळावर शंका म्हणजे माझ्या विद्यार्थ्यावर शंका. तो इथं बसलाय. विनायक, ऊठ. याच्या शब्दावर मी सगळं उभं केलंय, आणि पुन्हा करायची वेळ आली तर पुन्हा करीन."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी उठलो. आणि मान डोलावली.

त्यानंतर सरांचं काम कुणी फारसं मनावर घेतलं नाही. लोहगडच कच्चा म्हटल्यावर बाकीचंही लोकांनी बाजूला ठेवलं — जे खरं होतं, उन्हापावसात पालथं पडून पाहिलेलं होतं, तेसुद्धा. लोक त्यांच्यामागं "लोहगडवाले" म्हणून हसायचे. सभेहून परतताना सरांनी मला टांग्यात बसवलं, माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस हं. पोरगा उतावीळ आहे. तुझ्यावर उगाच आलं." ते माझी समजूत घालत होते. मी त्यांना रडू दाखवलं आणि त्यांनी माझे डोळे स्वतःच्या रुमालानं पुसले.

पुढच्या हिवाळ्यात सर गेले. त्यांच्या उशाशी बसून मी पुष्कळ बोललो. हे सोडून सगळं.

ती मुंगी लोहगडची नव्हती. लोणावळ्याला, कासमचाचांच्या वखारीमागं, आता जिथे सागाच्या फळ्या रचलेल्या असतात, तिथल्या हिरड्यावरची ती होती. मी तिथून आणली, खोटं सांगितलं, आणि ती जिथं होती तिथं राहू शकली असती तेव्हा तिला जळू दिलं.

यंदा पाऊस ओसरल्यावर कॉलेजातली एक मुलगी माझं घर शोधत आली. सरांचा जुना लेख कुठंतरी तिच्या वाचनात आला होता; सभेत झालेलं तिला ठाऊक नव्हतं. डोळे अगदी चमकत होते तिचे. लोहगडची वाट विचारत होती. मी तिला मळवलीपासून सगळी वाट समजावून सांगितली — भाजे, वाडी, रानाचं तोंड. दोन दिवसांनी ती परत आली. पायांना जळवा लागलेल्या, कोपर खरचटलेलं, पिशवीत उड्या मारणाऱ्या मुंगीची एक नळी. ती मुंगी काही सापडली नव्हती, पण तिला त्याचं काही वाटत नव्हतं. "सर, काय रान आहे हो ते!" म्हणाली. "तुमच्यामुळं बघायला मिळालं. पुढच्या वर्षी पुन्हा शोधीन."

"हो, जा," मी म्हणालो.

तिनं वाकून मला नमस्कार केला. मी करू दिला.